मौसमचा हिशेब

जून महिना लागला की आमच्या शाळेत एक गंमत दरवर्षी होते. वर्तमानपत्रात जोरदार पावसाचा अंदाज छापून येतो, मुले दप्तर झाकायला प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन येतात आणि दिवसभर लख्ख ऊन पडते. ज्या दिवशी पिशवी नसते त्या दिवशी मात्र सगळी पुस्तके भिजतात. मी सातवीला रियाझी, म्हणजे गणित, शिकवते. अशाच एका कोरड्या दिवशी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, ‘आपा, मौसम का हिसाब कौन करता है?’ तिच्या डोळ्यांपुढे चित्र असे होते की कुणीतरी एक माणूस कागद-पेन्सिल घेऊन बसतो, गणित सोडवतो आणि अधूनमधून त्याचे उत्तर चुकते. मी तिला सॅटेलाईट आणि कंप्यूटर हे दोन शब्द सांगून खाली बसवले. शिक्षकाला एखादी गोष्ट येत नसेल तर ती झाकायला हे दोन शब्द फार उपयोगी पडतात.

घरी आल्यावर लाज वाटली. मग जे मिळेल ते वाचत गेले तेव्हा कळले की तिच्या डोळ्यांपुढचे चित्र खरे होते. असा एक माणूस होऊन गेला. त्याने कागद-पेन्सिल घेऊन हवामानाचे गणित सोडवले, त्याचे उत्तर चुकले, आणि ते चुकलेले उत्तर त्याने सगळ्या पायऱ्यांसकट छापून जगापुढे ठेवले. त्याची हकीकत सांगण्यासाठी हा लेख.

‘मौसम’ हा शब्द मूळचा अरबी. ‘मौसिम’ म्हणजे ठरलेली वेळ, हंगाम. हिंदी महासागरात वाऱ्यांचे वेळापत्रक पाहून गलबते हाकणाऱ्या अरब दर्यावर्दींकडून तो पोर्तुगीजांनी उचलला आणि फिरत फिरत त्याचा मान्सून झाला. बीजगणिताचे ‘अल्जिब्रा’ हे नाव अल-ख्वारिझ्मीच्या किताबातून आले आणि खुद्द त्याच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ आले. आपल्या जलशांत या शब्दांवर अभिमानाने भाषणे होतात. मीही ठोकली आहेत. पण शब्द आपले असले म्हणजे हिशेब आपल्याला येतो असे नाही, हे त्या मुलीने माझ्या ध्यानात आणून दिले.

तारायंत्र आल्यावर हवामानाचा अंदाज हे सरकारी काम झाले. वादळापेक्षा तार जलद धावते, एवढे साधे त्याचे तत्त्व. इंग्लंडात रॉबर्ट फिट्झरॉय याने ठिकठिकाणच्या तारा गोळा करून १ ऑगस्ट १८६१ पासून लंडनच्या ‘टाइम्स’ मध्ये रोजचे अंदाज छापायला सुरुवात केली. डार्विनला घेऊन गेलेल्या ‘बीगल’ जहाजाचा कप्तान तो हाच. अंदाज चुकले की लोक हसत. १८६५ साली त्याने आत्महत्या केली. त्यामागे इतरही कारणे होती, पण पुढच्याच वर्षी एका समितीने या अंदाजांना शास्त्रीय पाया नाही असे ठरवून ते बंद केले, आणि अनेक वर्षे ते बंदच राहिले.

आपल्याकडे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्याचा पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड याच्या लक्षात आले की हिमालयात बर्फ जास्त पडले की पुढचा मान्सून कमजोर राहतो, आणि त्या आधारावर १८८६ पासून मान्सूनचा सरकारी अंदाज निघू लागला. त्याच्यानंतरच्या जॉन एलियटचा १८९९ सालचा अंदाज साफ चुकला. त्या दुष्काळाने किती घरे बसवली हे आपल्या जुन्या लोकांनी आपल्याला सांगितलेलेच आहे. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर आला. हा केंब्रिजचा गणिती, हवामानाचे शिक्षण शून्य. (१९१३ साली मद्रासला रामानुजनच्या वह्या पाहून विद्यापीठाला शिफारसपत्र लिहिणारा वॉकर तोच.) त्याने जगभरच्या जुन्या नोंदी मागवल्या आणि कारकुनांना कामाला लावून कशाचा कशाशी मेळ बसतो ते हाताने काढायला सुरुवात केली. १९०९ च्या सुमारास त्याने जे सूत्र बांधले त्यात हिमालयातले बर्फ, मॉरिशसचा हवेचा दाब, दक्षिण अमेरिकेचा दाब आणि झांजिबारचा पाऊस अशा चार गोष्टी होत्या. झांजिबारच्या पावसावरून आपला पाऊस! पण ही जादू नव्हती. याच शोधातून पुढे पॅसिफिक महासागरावरच्या दाबाचा मोठा झोका त्याला सापडला, आज आपण एल निनोबरोबर ज्याचे नाव घेतो तो.

१९२८ साली खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. वॉकरची वाटही आपल्याकडे फार काळ चालली. डॉ. वसंत गोवारीकर यांचे १९८८ पासून वापरात आलेले सोळा घटकांचे मॉडेल त्याच घराण्यातले. २००२ साली त्याने साधारण पाऊस सांगितला आणि दुष्काळ पडला, तेव्हा ते बदलावे लागले. या वाटेचा स्वभावच असा की मागे जे जे एकत्र घडले ते पुढेही एकत्र घडेल असे धरून चालायचे. का घडते, हे तिला विचारता येत नाही.

‘का’ विचारणारी वाट युरोपात निघाली. नॉर्वेचा शास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस याने १९०४ साली एक छोटा निबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे: हवा हा पदार्थ आहे आणि पदार्थविज्ञानाचे नियम तिलाही लागू आहेत. हवेची स्थिती सात राशींनी सांगता येते. दाब, तापमान, घनता, आर्द्रता, आणि वाऱ्याच्या वेगाचे तीन घटक. नियमही सात समीकरणांत मांडता येतात. सात अज्ञात, सात समीकरणे. म्हणजे आजची स्थिती नेमकी माहीत असेल तर उद्याची गणिताने निघाली पाहिजे. सातवीच्या मुलालाही पटेल असा मुद्दा. अडचण एकच, ती समीकरणे कुणालाही सुटत नव्हती. ब्यर्कनेस स्वतः नकाशे आणि आलेख यांच्याकडे वळला, आणि त्या रस्त्यानेही त्याने मोठे काम केले.

आता आपला माणूस. लुईस फ्राय रिचर्डसन. जन्म ११ ऑक्टोबर १८८१, न्यूकॅसल. घराणे क्वेकर पंथाचे. हे ख्रिस्ती लोक प्रार्थनेला मूकपणे बसतात आणि कोणत्याही कारणासाठी शस्त्र उचलणे नाकारतात. ही दुसरी गोष्ट पुढे लागणार आहे म्हणून लक्षात ठेवावी. केंब्रिजला शिकून झाल्यावर तो पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, काढणाऱ्या कंपनीत नोकरीला लागला. दलदलीतून पाणी काढायला चर कसे खणावेत हा तिथला प्रश्न. त्याचीही समीकरणे सुटत नव्हती. तेव्हा त्याने ठरवले की नेमके उत्तर मिळत नसेल तर जवळचे काढू. जमिनीचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाला एक आकडा द्यायचा, आणि शेजारच्या चौकोनांशी असलेल्या फरकावरून तो आकडा सुधारत न्यायचा. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार एवढ्यावर काम भागते. फक्त ते हजारो वेळा करावे लागते.

ही रीत त्याने इजिप्तमधल्या नाईलवरच्या अस्वान धरणाच्या भिंतीला लावली आणि भिंतीत ताण कुठे किती पडतो ते काढले. तो निबंध १९१० साली छापून आला. हिशेबाला त्याने पोरे लावली होती आणि मजुरी आकड्यांवर ठरवली होती. तीन आकडी संख्येचे एक गणित म्हणजे पेनीचा सहावा हिस्सा. सर्वांत चलाख पोरगा आठवड्याला सुमारे २००० गणिते करी, चुकलेली वजा धरून. त्या काळी ‘कंप्यूटर’ या शब्दाचा अर्थ असा हाडामासाचा हिशेबनीस होता.

हे वाचल्यावर मला राहवले नाही. शाळेच्या अंगणात फक्कीने पाच ओळींत पाच-पाच चौकोन आखले आणि पंचवीस मुले पाट्या घेऊन उभी केली. एका कडेला १०० लिहिले, उरलेल्या तिन्ही कडांना शून्य. मी टाळी वाजवली की प्रत्येकाने आपल्या चारी बाजूंच्या आकड्यांची सरासरी काढून आपल्या पाटीवर लिहायची. समजा ती एक पत्र्याची चादर आहे आणि एक कड तापवली आहे. थोड्या टाळ्यांनी आकडे स्थिरावू लागले, तापलेल्या कडेपाशी मोठे, लांब गेले की लहान. मध्येच एका मुलाने ४८ च्या जागी ८४ लिहिले. आमच्या मुलांचे हे नेहमीचेच, लिपी उजवीकडून डावीकडे आणि आकडे डावीकडून उजवीकडे. लगेच त्याच्या शेजाऱ्यांचे आकडे उसळले, मग त्यांच्या शेजाऱ्यांचे. मी थांबवणार होते, पण टाळ्या चालू ठेवल्या. दहा-बारा टाळ्यांत ती चूक विरून गेली. मुले थक्क. ‘आपा, गलती गई कहाँ?’ मी सांगितले की ती सर्वांनी थोडी थोडी वाटून घेतली आणि कडेला नेऊन टाकली. पत्र्याच्या चादरीचे गणित असे क्षमाशील असते. हवेचे गणित तसे नसते, हे रिचर्डसनला पुढे कळायचे होते.

१९१३ साली तो ब्रिटिश हवामान खात्यात आला आणि स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्यूर या एकाकी वेधशाळेचा प्रमुख झाला. इथे त्याने ब्यर्कनेसची समीकरणे आपल्या चौकोनांत बसवायला घेतली. तेवढ्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. बंदूक हाती घ्यायची नाही हे ठरलेले होते, पण इतर तरुण मरत असताना डोंगरावर सुखात बसणेही त्याच्या मनाला पटेना. १९१६ साली चांगली नोकरी सोडून तो क्वेकर लोकांच्या रुग्णवाहिका पथकात गेला आणि फ्रान्सच्या आघाडीवर जखमी शिपाई वाहून आणू लागला. लढायला नकार देणाऱ्याला भित्रा म्हणायची पद्धत सगळीकडे आहे. हा माणूस तोफांच्या माऱ्याखाली गाडी चालवत होता.

दोन खेपांच्या मधल्या वेळात, थंडगार मुक्कामात गवताच्या ढिगावर बसून, तो हवेचा हिशेब करी. त्यासाठी त्याने २० मे १९१० चा सकाळी सातचा क्षण निवडला होता. हॅलेचा धूमकेतू तेव्हा पृथ्वीजवळून जात होता आणि युरोपभर शास्त्रज्ञांनी बलून सोडून वरच्या हवेची मापे घेतली होती. ब्यर्कनेसच्या माणसांनी ती लाइपझिगला व्यवस्थित मांडून ठेवली होती. इतकी माहिती दुसऱ्या दिवसांची मिळत नव्हती. रिचर्डसनने युरोपच्या नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन पाडले, उंचीचे पाच थर केले, आणि जर्मनीच्या मधल्या भागात सहा तासांत हवा कशी बदलेल एवढेच काढायचे ठरवले. ते काय झाले हे जगाला सात वर्षांपूर्वीच माहीत होते. गणिताला ते सांगता येते का, ही परीक्षा होती.

२३ कोष्टके त्याने स्वतः आखली. गुणाकाराला २५ सेंटिमीटरची स्लाइड रूल. कोष्टके आखून हवेच्या फक्त दोन स्तंभांचा हिशेब पुरा करायला सहा आठवड्यांच्या आसपास गेले. सहा तासांच्या हवामानासाठी सहा आठवडे! एप्रिल १९१७ मध्ये शांपान्यच्या लढाईत हस्तलिखित मागे पाठवले गेले आणि गहाळ झाले. काही महिन्यांनी ते बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. ते तिथेच जळून गेले असते तर या लेखाला विषय उरला नसता.

उत्तर आले: जमिनीवरचा दाब सहा तासांत १४५ मिलिबारने चढेल. प्रत्यक्षात त्या सकाळी दाब जवळजवळ हललाच नव्हता. १४५ म्हणजे किती? समुद्रसपाटीला दाब साधारण १०१३ असतो. जगात समुद्रसपाटीवर नोंदलेला सर्वांत कमी दाब ८७० मिलिबार, पॅसिफिकमधल्या १९७९ च्या एका महाभयंकर वादळाच्या पोटात मोजलेला. म्हणजे साधी हवा आणि ते वादळ यांच्यात जेवढा फरक, त्याहून किंचित जास्त बदल एका शांत जर्मन सकाळी न्याहारीच्या आगेमागे होणार होता.

चूक कुठे होती? हवेचा दाब म्हणजे डोक्यावरच्या हवेचे वजन. एका स्तंभात जितकी हवा येते त्यातून जितकी जाते ती वजा केली की वजन किती वाढले ते कळते. एक टाकी घ्या. मिनिटाला १००० लिटर पाणी येते आणि ९९५ जाते. टाकीत ५ लिटर वाढले. आता जाणारे पाणी मोजताना शेकडा दोनची चूक झाली आणि ९७५ लिहिले. वाढ २५ आली, खऱ्याच्या पाचपट. दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी अशी दगा देते. बलूनवरून मोजलेल्या वाऱ्यांत लहान चुका होत्याच. निसर्गात वारा आणि दाब एकमेकांना सांभाळून असतात, कुठे मेळ बिघडला तर हवेत लाटा उठतात आणि थोड्या वेळात तो सावरतो. रिचर्डसनच्या कागदावर मापांच्या चुकांनी मेळ बिघडलेला होता. पहिल्या क्षणाचा तो थरकाप त्याने सहा तास तसाच चालेल असे धरले.

१९२२ साली केंब्रिजने त्याचे पुस्तक काढले, ‘वेदर प्रेडिक्शन बाय न्यूमरिकल प्रोसेस’. आणि इथे मला थांबावेसे वाटते. समीकरणे उत्तम होती, रीत नवी होती. चुकलेला दाखला वगळून हे पुस्तक सहज छापता आले असते, कुणाला पत्ताही लागला नसता. त्याने तो सगळा छापला, कोष्टकामागून कोष्टक, अगदी शेवटच्या १४५ पर्यंत, आणि वाऱ्याच्या मापांवर आपला संशय आहे हेही लिहिले. माझ्या वर्गातली मुले उत्तर चुकले की खोडरबराने पान फाटेपर्यंत खोडतात. ती सवय त्यांना आमच्या लाल पेनाने लावली आहे. बी.एड.ला मी पायऱ्यांना गुण द्यावेत असे दहा मार्कांच्या उत्तरात लिहिले होते, आणि वर्गात आल्यावर पहिल्याच चाचणीत शेवटचे उत्तर तपासून मोकळी झाले होते.

त्याच पुस्तकात त्याने एक स्वप्नही लिहून ठेवले आहे. हवामान पुढे जाईल त्याच्या जोडीने हिशेब चालवायचा तर ६४,००० हिशेबनीस लागतील. त्यांच्यासाठी त्याने एक प्रचंड गोल नाट्यगृह कल्पिले. आतल्या भिंतींवर पृथ्वीचा नकाशा, उत्तर ध्रुव छताला, दक्षिण ध्रुव तळाशी, आणि जो ज्या देशापुढे बसला असेल त्याने त्या देशाच्या हवेचे गणित करायचे. मधोमध उंच खांबावर मुख्य माणूस. जो प्रदेश हिशेबात पुढे पळेल त्याच्यावर तो गुलाबी उजेड टाकतो, जो मागे पडेल त्याच्यावर निळा. बाहेर मैदाने, घरे, डोंगर आणि तळी. हवेचा हिशेब करणाऱ्यांना ती मोकळेपणी श्वासात घेता आली पाहिजे, असे कारण त्याने दिले आहे.

पुस्तक फारसे खपले नाही. लोकांनी वाचले ते १४५, आणि हा रस्ता बंद आहे असे समजून बाजूला झाले. तोपर्यंत रिचर्डसननेच खाते सोडले होते. युद्धानंतर तो परत आला होता, पण हवामान खाते हवाईदलाच्या मंत्रालयाखाली गेले तेव्हा, १९२० साली, त्याने राजीनामा दिला आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ट्रेनिंग कॉलेजात शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना पदार्थविज्ञान शिकवू लागला. (आमच्या बी.एड. कॉलेजच्या कुणा सरांनी हे कधी सांगितले असते तर त्या तासांना जरा जास्त जागे राहिलो असतो.) हवेतल्या खळबळीवरचे त्याचे संशोधन मात्र चालू होते. त्यात विषारी वायू पसरवणाऱ्यांना फार रस आहे हे कळल्यावर त्याने ते काम थांबवले आणि न छापलेले कागद नष्ट केले, असे त्याच्या पत्नीने, डोरोथीने, पुढे सांगितले. चुकलेले गणित छापणारा माणूस बरोबर आलेले फाडून टाकतो, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

नंतरची वर्षे त्याने युद्धे का होतात हे गणिताने शोधण्यात घालवली. दोन देशांची सरहद्द जितकी लांब तितकी भांडणे जास्त का, हे पाहायला त्याने लांबीचे आकडे जमवले तेव्हा पोर्तुगाल आणि स्पेन आपली एकच सरहद्द १२१४ आणि ९८७ किलोमीटर अशी वेगवेगळी सांगतात हे त्याला आढळले. मोजपट्टी जितकी छोटी तितकी रेषा लांब भरते. त्यातून पुढे गणिताची एक स्वतंत्र शाखाच फुटली, पण तो विषय वेगळा.

१९५० च्या वसंतात अमेरिकेत ज्यूल चार्नी, जॉन फॉन नॉयमन आणि त्यांच्या सोबत्यांनी एनिॲक या खोलीभर पसरलेल्या यंत्रावर हवामानाचे गणित केले. दगा देणाऱ्या त्या जलद लाटा समीकरणांतून आधीच गाळून टाकल्या होत्या. चोवीस तासांच्या अंदाजाला सुमारे चोवीस तास लागले, म्हणजे यंत्र हवेच्या बरोबरीने कसेबसे धावले. चार्नीने ते निकाल रिचर्डसनला पाठवले. सत्तरीला टेकलेल्या रिचर्डसनने नकाशे डोरोथीपुढे ठेवले आणि तिला विचारले, खऱ्या हवामानाशी कोणता जास्त जुळतो, आदल्या दिवशीचा की गणिताने काढलेला? तिच्या निवाड्यात गणित थोडेसेच पुढे होते. ते त्याने चार्नीला प्रामाणिकपणे कळवले, अभिनंदन केले, आणि आपल्या एकट्या, साफ चुकलेल्या उत्तरापेक्षा ही फार मोठी प्रगती आहे असे लिहिले. ३० सप्टेंबर १९५३ रोजी तो वारला.

आणि त्या १४५ चे काय झाले? आयर्लंडच्या पीटर लिंच या हवामानशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात रिचर्डसनच्याच पुस्तकातले आकडे घेऊन तोच हिशेब कंप्यूटरवर पुन्हा केला. सगळी कोष्टके छापलेली होती म्हणूनच ते करता आले. उत्तर तेच आले, १४५. गवताच्या ढिगावर केलेल्या गुणाकार-भागाकारांत म्हणावी अशी चूक नव्हती. मग लिंचने सुरुवातीच्या आकड्यांतला वारा आणि दाब यांचा बिघडलेला मेळ आधी बसवून घेतला आणि बाकी सर्व तसेच ठेवून हिशेब पुन्हा चालवला. सहा तासांतला बदल एका मिलिबारहूनही कमी निघाला.

त्या मुलीला हे सांगितले तेव्हा ती आठवीत गेली होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले की त्या तेवीस कागदांपैकी एक तरी बघायला मिळेल का.